पंख्यांचं गाणं

मराठीत जिची समीक्षा झाली नाही अशी वस्तू शोधून सापडायची नाही. कवितेची होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांची होते. लग्नाच्या पंगतीतल्या मठ्ठ्याची तर वाढपी पाठमोरा होण्याच्या आत होते. पण पंख्याच्या आवाजाची समीक्षा कुणी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. पुण्या-मुंबईच्या समीक्षकांचं मी समजू शकतो. तिकडे पंखा ही वारा घेण्याची वस्तू. आमच्या विदर्भात ती मुख्यतः ऐकण्याची वस्तू आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या नेरला होळीची राख थंड होते न होते तोच माळ्यावरचा कूलर खाली उतरतो, त्याला नव्या वाळ्याच्या ताट्या बसतात, आणि तिथून पाऊस पडेपर्यंत घरातली सगळी संभाषणं वरच्या पट्टीत चालतात. इथल्या माणसाचा कान या बाबतीत इतका तयार, की पाहुणा दारातून आत येतो, वर बघतसुद्धा नाही, पाण्याचा पेला हातात घेतो आणि म्हणतो, "बुश गेला वाटते पंख्याचा."

अशा जाणकार श्रोत्यांपुढे अलीकडे एक नवा गवई येऊन बसला आहे. तो म्हणजे संगणकाच्या डब्यातला पंखा. या डब्यात प्रोसेसर म्हणून एक चकती असते. सगळी अक्कल तिच्यात, आणि अकलेबरोबर येणारा तापटपणाही तिच्यातच. साध्या घरगुती संगणकातला प्रोसेसर कामाला लागला की ६५ वॅटच्या आसपास उष्णता टाकतो. जुन्या साठच्या पिवळ्या बल्बला ज्यांनी हात लावून पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. फक्त तो बल्ब अंगठ्याच्या नखाएवढा झाला आहे असं समजा. सुरुवातीच्या घरगुती संगणकांत प्रोसेसरला स्वतंत्र पंखा लागत नसे. १९९३ साली पेंटियम आला आणि त्याच्या डोक्यावर पंखा बसू लागला. २००४ मध्ये पेंटियम चारची एक आवृत्ती शंभर वॅटच्या पुढे गेली, आणि तेव्हा कित्येक घरांत "कोण मिक्सर लावतंय आत्ता?" अशी स्वयंपाकघरातून विचारणा झाली असणार.

आमच्या घरचा डबा बैठकीच्या खोलीत असतो. सून पुण्याच्या कंपनीचं काम इथूनच करते. हिशेबाच्या कामाला पंख्याचा आवाज आड येत नाही. आड आला तो ओव्यांना.

माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती येतात हे तिलाही माहीत नाही, कारण त्या मोजून कुणी शिकवल्या नव्हत्या. पण अलीकडे एखादीची पहिली ओळ येते आणि दुसरी येत नाही. मग ती हसते आणि म्हणते, "गेली बाप्पा." सुनेनं मनावर घेतलं, की आहेत तेवढ्या टिपून ठेवायच्या. चांगला मायक्रोफोन आणला, तो संगणकाला जोडला, आईला समोर बसवलं. ध्वनिमुद्रण ऐकलं तर आईच्या मागे एक अखंड, बारीक, चिवट घूंऽऽ. जणू आई बसस्टँडवर उभी राहून ओव्या म्हणते आहे आणि मागे यवतमाळची गाडी चालू ठेवून ड्रायव्हर चहाला गेला आहे. हा आवाज नंतर पुसून काढायची युक्तीही असते. ती केली. घूं गेलं, पण आईचा आवाज रांजणात तोंड घातल्यासारखा झाला. शिळा वास काढायला साडी इतकी धुवावी की तिचा रंगही जावा, त्यातला प्रकार. तेव्हा ठरलं, की पंखाच बदलायचा. आणि ऐन तारुण्यात मी गाण्याच्या बैठकांना रात्र-रात्र बसत असे, या जुन्या आरोपावरून पंखा ऐकून पारखण्याचं काम माझ्याकडे आलं.

तर आता समीक्षेला लागू.

पंख्याचं गाणं तीन अंगांचं असतं. पहिलं अंग वाऱ्याचं. इथे आकार बोलतो. छताचा अठ्ठेचाळीस इंची पंखा मिनिटाला साडेतीनशे फेरे घेऊन अख्खी खोली सांभाळतो, तर संगणकाबरोबर फुकट येणारा पंखा कित्येकदा तीन हजारांपर्यंत धापा टाकतो. लहान पातं थोडा वारा ढकलतं, म्हणून त्याला फार फिरावं लागतं. आणि आवाज वाढतो तो फिरण्यानं. हिशेब असा आहे, की पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, पण त्याला लागणारी वीज एक-अष्टमांशावर येते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो, हे लक्षात घेतलं तर हा सौदा किती फायद्याचा हे कुणालाही कळेल. म्हणून ८० मिलिमीटरच्या पंख्याला नमस्कार करावा आणि १२० मिलिमीटरचा घ्यावा. त्याच्याखाली धातूच्या पातळ पत्र्यांचा उभा मनोरा लागतो. त्यातून तांब्याच्या बंद नळ्या गेलेल्या असतात. त्या नळ्यांत चमचाभरही पाणी नसतं. पण ते तळाशी तापून वाफ होतं, वर जाऊन निवतं आणि परत तळाशी येतं. फक्त हा मनोरा हातभर उंच नसला तरी वीतभर असतो, तेव्हा डब्याची रुंदी आधी मोजावी. नवरदेव घोड्यावर आणि मांडवाचं दार बुटकं, अशी पाळी येऊ नये.

याच अंगात स्वर लपलेला असतो. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला १,४७० च्या आसपास फिरला, की पाती सेकंदाला सुमारे २२० वेळा हवा कापतात. पेटी काढून बघा, मंद्र सप्तकातली पांढरी सहा निघेल. नुसता वाऱ्याचा फसफसाट कान विसरतो. असा एक स्पष्ट स्वर लागला की विसरत नाही. आणि एका डब्यात दोन पंखे ठेवून एक हजार फेऱ्यांनी आणि दुसरा वीस फेरे जास्तीने फिरवला, तर दोघांच्या स्वरांत इतका किंचित फरक पडतो, की सेकंदाला तीनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याची जोडी किंचित उतरली की जो डोल येतो तोच हा. तिथे गवई खुंटी पिळतो. इथे वेग सारखे करावेत, नाहीतर चांगले दूर करावेत.

दुसरं अंग मोटरचं. पंख्याला दोन, तीन किंवा चार तारा असतात. तिसरी तार मी किती फिरतो आहे हे कळवते, चौथी तार किती फिर हे सांगते. चार तारांच्या पंख्याला हुकूम जातो तो सेकंदाला २५,००० ठोक्यांनी. माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत ऐकतो, त्यामुळे ही किणकिण फक्त वटवाघळांपर्यंत पोचते, आणि त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. तेव्हा चार तारांचाच घ्यावा.

तिसरं अंग बुशचं, आणि खरा गायक इथे कळतो. बुशचा पंखा नवा असताना मधासारखा गातो. पण त्यातलं तेल उन्हाळ्याने वाळतं, आणि दोन-तीन नवतपे पाहिले की त्याला घसा धरतो. गोळ्यांच्या बेरिंगचा उन्हाला भीत नाही, पण जन्मापासून त्याच्या गळ्यात थोडी खरखर असते. तिसरा प्रकार द्रवाच्या बेरिंगचा. त्यात आस तेलाच्या पातळ पडद्यावर तरंगत फिरतो, म्हणून तो शांतही राहतो आणि टिकतोही. डब्यावर हे लिहिलेलं असतं, फक्त ते रंगीत दिव्यांच्या चित्राखाली बारीक अक्षरांत असतं. हो, दिवे! हल्लीच्या पंख्यांत तांबडे-निळे दिवे लागतात. गाणं यथातथा आणि शेरवानी जरीची.

आता डब्यावरच्या आकड्यांकडे वळू. डब्यावरचा डेसिबलचा आकडा म्हणजे लेखकाने स्वतःच्या पुस्तकाला स्वतःच लिहिलेली प्रस्तावना. ती खोटी नसते, पण ती कुठे बसून लिहिली हे विचारावं. पंख्याचं मोजमाप होतं ते अत्यंत शांत खोलीत, पंखा मोकळा टांगून, बऱ्याचदा मीटरभर अंतरावरून. त्याच्यापुढे मनोरा नसतो, जाळी नसते. मनोऱ्याच्या पत्र्यांतून हवा ढकलायची वेळ आली की तोच पंखा वेगळं गातो. अमरावतीला एका दुकानात मी विचारलं, "आवाज कसा आहे याचा?" दुकानदाराने पंखा जोडून माझ्या कानाशी धरला. "ऐका काकाजी, आहे का आवाज?" मला खरोखरच काही ऐकू आलं नाही, कारण डोक्यावर दुकानाचा चोवीस इंची कूलर चालू होता आणि दाराशी ऑटोवाला प्रवाशांना हाका मारत होता. त्या ठिकाणी सनई-चौघडाही शांत ठरला असता.

प्रसिद्ध घराण्यांबद्दल दोन शब्द. ऑस्ट्रियाचं नॉक्टुआ घराणं सर्वांत नावाजलेलं. त्यांच्या नेहमीच्या पंख्यांचा रंग दुधाळ आणि तपकिरी, म्हणजे बशीत सांडलेल्या चहासारखा. २०१८ साली त्यांनी १२० मिलिमीटरचा एक पंखा काढला, त्यात पात्याचं टोक आणि चौकट यांत फक्त अर्धा मिलिमीटर जागा ठेवली आहे, आणि त्यासाठी पात्यांचं प्लॅस्टिकही वेगळं वापरलं, कारण साधं पातं फिरून फिरून ताणलं की चौकटीला घासेल. कारागिरी पाहून हात जोडावेत अशी. किंमत ऐकून ते खिशाकडे जातात. नॉक्टुआ म्हणजे लॅटिनमध्ये लहान घुबड. त्यांच्या चिन्हातही घुबड आहे. आपला पिंगळा त्याच घुबडाच्या कुळातला, चुलतभाऊ म्हणा ना. उडताना आवाज न करणारा पक्षी म्हणून युरोपात घुबडाला पंख्यावर बसवतात, आणि आपण मात्र नापास झालेल्या मुलाला त्याचं नाव देतो. दुसरं घराणं जर्मनीचं, नाव 'बी क्वाएट!', म्हणजे 'शांत रहा!' नावातच उद्गारचिन्ह आहे. आमच्या शाळेतले एक गुरुजी याच स्वरात शांतता शिकवत, आणि ती शांतता तीन वर्गांपलीकडे ऐकू जात असे. तिसरं आर्क्टिक. त्यांचा पी-१२ हा पाच पात्यांचा पंखा नॉक्टुआच्या मानाने फारच स्वस्त, आणि तो मिनिटाला २०० फेऱ्यांपर्यंत खाली उतरतो. या २०० च्या आकड्याकडे लक्ष ठेवा. माझी सगळी समीक्षा त्याच्यावर उभी आहे.

कारण असं, की हे सगळे पंखे थंड देशांतल्या खोल्या डोळ्यांपुढे ठेवून घडवले आहेत. पंखा हवा गार करत नाही, आहे तीच हवा फिरवतो, हे विदर्भातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. प्रोसेसर खोलीपेक्षा चाळीस अंशांनी तापतो असं धरलं, तर २४ अंशांच्या खोलीत तो ६४ वर राहील आणि नेरच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांत ८२ वर जाईल. शंभराच्या आसपास पोचला की तो स्वतःच काम मंदावतो. सरकारी कचेरीत दुपारी होतं तसं. म्हणून मे महिन्यात कोणताही पंखा, कितीही थोर घराण्यातला असो, तार सप्तकात जाणारच. पण मे महिन्यात त्याला ऐकतो कोण? कूलरच्या घोंघाटात तोफ उडाली तरी "काही पडलं का?" एवढंच लोक विचारतील. आणि डिसेंबरात, जेव्हा कूलर माळ्यावर असतो आणि टाचणी पडलेली ऐकू येते, तेव्हा पंख्याला काम नसतं. म्हणजे पंखा जोरात फिरतो तेव्हा ऐकू येत नाही, आणि ऐकू येतो तेव्हा त्याला जोरात फिरण्याचं कारण नसतं.

मग कारखानदार ज्या आकड्याचा डांगोरा पिटतात, तो पूर्ण वेगाचा आकडा आमच्या काय कामाचा? पंख्याला विचारायचं ते उलटं: बाबा रे, तू किती सावकाश फिरू शकतोस? आणि सावकाश फिरताना टकटक करतोस का? द्रुत लयीत सगळेच टाळ्या घेतात. विलंबितात आवाज स्थिर ठेवणारे थोडे. पाच पात्यांचा पंखा ६०० फेऱ्यांवर ठेवला तर पाती सेकंदाला पन्नास वेळा हवा कापतात, म्हणजे घरातल्या विजेची जी आवर्तनं तीच. इतक्या खालच्या स्वराला कान फारसं विचारत नाही. अट एकच, की कमी वेगात बुश कुरकुरू नये.

शिवाय पंख्याला शिस्त लावावी लागते. किती तापल्यावर किती फिरायचं याचा तक्ता संगणक सुरू होतानाच्या पडद्यावर भरता येतो. तो नीट न भरल्यास पंखा दर मिनिटाला चढतो आणि उतरतो, आणि सततच्या आवाजापेक्षा हा चढ-उतार जास्त छळतो. घोरणाऱ्या माणसाशेजारी झोप लागते. मधूनच घोरणाऱ्याशेजारी लागत नाही. सुनेनं तक्ता असा भरला, की साठ अंशांपर्यंत पंख्याने जागचं हलल्याचं कळूही नये.

यावर कुणी म्हणेल, इतकी उठाठेव करण्यापेक्षा पंखाच काढून टाका. हा प्रयोग होऊन गेला आहे. १९८० साली ॲपल कंपनीने 'ॲपल तीन' नावाचा संगणक पंख्याशिवाय काढला, कारण स्टीव्ह जॉब्ज यांना पंख्याचा आवाज सहन होत नसे. आतले भाग तापून आपापल्या खाचांतून सैल होऊ लागले. तेव्हा गिऱ्हाइकांना सल्ला मिळाला, की यंत्र दोन-तीन इंच उचला आणि टेबलावर सोडा, म्हणजे भाग परत बसतील. आमच्याकडे जुन्या रेडिओला थाप मारत असत, ती विद्या अमेरिकेतही होती हे कळून बरं वाटलं. पण शांततेसाठी यंत्र आपटावं लागणं हा काही फार शांत मार्ग नव्हे.

एक शेवटचा मुद्दा धुळीचा. आमचा मुलूख कापसाचा. हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडतो, आणि त्याचा तंतू मनोऱ्याच्या पत्र्यांत जाऊन अशी गादी घालतो, की प्रोसेसर रजई पांघरून बसल्यासारखा होतो. मग त्याला गार करायला पंखा ऊर फुटेस्तोवर फिरतो, आणि लोक नवा पंखा आणायला जातात. आधी कुंचला आणावा. आणि हवेने धूळ उडवताना पातं बोटाने धरावं. नाहीतर ते भलत्याच वेगाने फिरून बेरिंग खराब होतं. निम्म्या घरांत शांततेचा खर्च कुंचल्याएवढाच असेल.

आमच्या घरी कुंचल्याने भागलं नाही. मनोरा आला आणि तो दोनशे फेऱ्यांपर्यंत उतरणारा स्वस्त पंखा आला. सुनेनं पहाटेची वेळ धरली. तेव्हा खोली गार, कूलर बंद, रस्ता झोपलेला. मायक्रोफोन लागला. आवाज मोजणारी पडद्यावरची रेघ जमिनीला टेकली. आम्ही श्वास धरून बसलो. आई काही बोलेना.

"काहून वं, मशीन बंद पडली का?" तिने सुनेला विचारलं.

"नाही आई, चालू आहे."

"आवाज तं येत नाही."

"आवाज येऊ नये म्हणूनच तर एवढं केलं!"

"मंग मी कशाच्या भरवशावर म्हणू?" आई म्हणाली. "मायं जातं कुठी आहे?"

जातं जिन्याखाली होतं. ते ओढून आणलं, पुसलं, मूठभर ज्वारी टाकली. आईच्या हाताने खुंटा धरला आणि घरघर सुरू झाली. रेघ पडद्यावर जी उसळली, ती जुन्या पंख्याच्या कितीतरी वर गेली. सुनेनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आणि त्या घरघरीवर आईने पहिली ओवी टाकली. दुसरी ओळ शोधत न थांबता आली. तिसऱ्या फेऱ्याला अशी एक ओवी आली जी मी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. ध्वनिमुद्रणात आता जात्याचा दगड आहे, ज्वारी भरडल्याचा आवाज आहे, काकणं आहेत, दोन ओव्यांच्या मधे घेतलेला आईचा श्वास आहे. यातलं काहीही पुसायचं नाही, असं सुनेनं फायलीच्या नावातच लिहून ठेवलं आहे.

पंख्याबद्दल विचाराल, तर त्या पहाटे तो कसा वाजला हे मला सांगता येणार नाही. मला तो ऐकूच आला नाही. पंख्याच्या समीक्षकाला याहून चांगलं काही लिहिता येत नाही.